आबाजींच्या रक्तातली मरळ

मृणालीला राग आला होता. पायाच्या अंगठ्यापासून निघून कानशिलापर्यंत चढतो आणि तिथे ठणठणत बसतो, तसला राग. अंगात बळ असतं तर तिने खाटच उलटी केली असती. पण बळ नव्हतं, आणि रागाचं एक कारण तेही होतं.

बाहेर अंगणात तिचे आजोबा, पैकुजी (घरात सगळे त्यांना आबाजी म्हणत), शेजारच्या डोमाकाकांना सांगत होते, "पोट्टी नागपूरले राहून लेचीपेची झाली, बाप्पा. दूध पिते, अंडे खाते, शर्यतीत पयली येते, अन् एका डासानं आडवी पाडली! आमच्यात ढिवराचं रक्त आहे. आमाले काही होते का? हिच्यात ते रक्तच रायलं नाही."

हे ते पहिल्यांदाच बोलत नव्हते. मृणालीला बघायला जो कोणी येई, त्याला चहाच्या आधी हे ऐकावं लागे.

बोडीटोला हे गाव गडचिरोलीच्या जंगलाला टेकून, एका मोठ्या तलावाच्या काठावर वसलेलं. घरं सगळी ढिवरांची, म्हणजे मासेमारांची. ही गोष्ट घडली तेव्हा माणसं चंद्रावर राहायला गेली होती, नागपूरहून येणारी बस चालकाशिवाय धावत होती आणि तलावातल्या माशांची मोजदाद पाण्यात पोहणारं एक यंत्र करत होतं. पण डासांना यातलं काहीच कुणी कळवलं नव्हतं. ते आपले पूर्वीसारखेच संध्याकाळी निघायचे आणि चावायचे. खरं तर याची साऱ्या गावाला चीड यायला हवी होती. पण सवय झाली की माणसाला चीड येत नाही, आणि बोडीटोल्याला मलेरियाची सवय झाली होती.

मृणालीला ती सवय नव्हती. सात वर्षांची असताना ती नागपूरच्या क्रीडाशाळेत गेली, आणि आता बारा वर्षांची होती. मधल्या सुट्या सगळ्या सरावात जायच्या. आईच तिला भेटायला नागपूरला यायची. यंदा मात्र दिवाळीची लांब सुटी मिळाली. आपला आठ महिन्यांचा भाऊ कान्हा याला मांडीवर घेऊन मनसोक्त खेळवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

ती आली तो दिवस भांडणाचा निघाला. गावाबाहेर एक बोडी होती. बोडी म्हणजे लहान तळं. मासेमार संस्थेची रोहू माशांची पिल्लं आधी या बोडीत वाढवायची आणि बोटाएवढी झाली की मोठ्या तलावात सोडायची, अशी रीत. पण पिल्लं टाकण्याआधी बोडी उपसून तिच्यातली मरळ वेचून काढावी लागते, कारण मरळ हा शिकारी मासा. यंदा ते काम डोमाकाकांकडे होतं आणि त्यांनी दोन मरळी तशाच राहू दिल्या.

"दोनच तर आहेत, पैकुकाका," डोमाकाका म्हणाले. "मोठ्या रोहूले काय करतात त्या?"

त्यावर आबाजींचा आवाज पार पलीकडच्या काठावर गेला. "मोठ्या रोहूले नाही करत, पन पिल्लायले गिळतात ना! मोठ्याले काही होत नाही म्हनून मरळ राहू देतं? अरे, मोठ्याचा हिशेब कायले करतं? लहान्याचा कर!"

मृणालीला तेव्हा आबाजींचा मोठा अभिमान वाटला होता. पुढे आबाजींनी जे केलं, त्याने मात्र ती चक्रावली. जाळं फिरवून त्या दोन मरळी काढेपर्यंत पिल्लांना कुठेतरी ठेवायला हवं होतं. आबाजींनी घरातल्या सगळ्या मच्छरदाण्या काढल्या. त्यांना लावलेलं औषध पिल्लांना बाधू नये म्हणून हातपंपावर राख चोळून चोळून धुतल्या आणि बांबू रोवून बोडीच्या कोपऱ्यात बांधल्या. त्या जाळीच्या घरात पिल्लं राहिली. बोडी साफ झाली, तरी आबाजींचा जीव स्वस्थ राहीना. पिल्लं बोटभर होईस्तोवर तिथेच राहतील, असं त्यांनी जाहीर केलं. घरातली माणसं उघड्यावर झोपू लागली.

दिवाळी झाली, आणि एका दुपारी मृणालीचे दात कडकडा वाजू लागले. दोन गोधड्या घातल्या तरी थंडी थांबेना. मग ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. तिसऱ्यांदा चढला तेव्हा ती आईला ओळखेना. त्यानंतरचं तिला काहीच आठवत नव्हतं. आईने सांगितलं ते एवढंच, की अवकाळी पावसाने ओढ्याला पाणी आलं होतं, गाडी येऊ शकली नाही, आणि खेकडा वेळेवर आला नसता तर काही खरं नव्हतं.

खेकडा म्हणजे आरोग्यकेंद्राचं चालतं यंत्र. त्याचं सरकारी नाव इतकं लांब होतं की ते कुणी पुरतं घेत नसे. सहा पाय, चपटी पाठ, आणि चिखलाच्या बांधावरून तिरकं चालायची सवय, म्हणून खेकडा. त्याच्या पोटात औषधांचे कप्पे होते आणि डोळ्यांच्या जागी भिंतीवर चित्र पाडणारा दिवा. तो कधी रागवायचा नाही. मृणालीला त्याचाही राग यायचा.

तिला सुई दिल्यावर खेकड्याने घरातल्या साऱ्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. आबाजींनी तर छाती पुढे काढून बोट दिलं. आई आणि कान्हा यांचं रक्त स्वच्छ निघालं. आबाजींच्या रक्तात मात्र मलेरियाचे जंतू होते.

आबाजी खो खो हसले. "असू दे ना! मले कुठं ताप आहे? माह्यं रक्त त्यायले हलू देत नाही." आणि वल्हं खांद्यावर टाकून ते तलावाकडे चालू लागले.

आता सांगा, राग येणार नाही तर काय? एकच अंगण, तेच डास, दोघांच्या रक्तात तेच जंतू. सत्तरीचे आबाजी नाव वल्हवतायत, आणि शाळेत सगळ्यांत वेगाने धावणारी मृणाली भिंत धरून मोरीपर्यंत जातेय. असं का?

"खेकड्या, इकडे ये," ती म्हणाली. "खरं सांग. मी लेचीपेची आहे का?"

"लेचीपेची हा वैद्यकातला शब्द नाही," खेकडा म्हणाला.

"मग वैद्यकातल्या शब्दांत सांग. पण गोड बोलू नकोस, माझं डोकं आधीच फिरलंय."

खेकड्याने पाय दुमडले, खोलीचं दार लोटलं आणि पांढऱ्या भिंतीवर चित्र पाडलं. "हा तुझ्या रक्ताचा थेंब, तू बेशुद्ध होतीस त्या दिवशीचा. या चकत्या म्हणजे तांबड्या पेशी (रक्ताला लाल रंग देणाऱ्या आणि अंगभर प्राणवायू पोचवणाऱ्या पेशी). काहींच्या आत बारीक अंगठी दिसते ना? ती अंगठी म्हणजे मलेरियाचा परजीवी (दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावरच जगणारा जीव). डास चावला तेव्हा तो तुझ्या अंगात शिरला. आधी यकृतात जाऊन आठवडाभर गुपचूप वाढला आणि मग रक्तात उतरला."

"आणि माझं सैन्य? पांढऱ्या पेशी सैनिक असतात म्हणून पाठ करून घेतलं होतं आमच्याकडून. ते काय झोपा काढत होते?"

"त्यांना दिसलंच नाही. नीट ऐक. शरीरातल्या बहुतेक पेशींत केंद्रक असतं (पेशीचा कारभार चालवणारा भाग). अशा पेशीत शत्रू शिरला की ती त्याचे तुकडे आपल्या बाहेरच्या अंगाला लावून दाखवते. सैनिक ते बघतात आणि ती पेशी शत्रूसकट मारतात. तांबड्या पेशीत केंद्रक नाही. आत कोण शिरलंय ते ती बाहेर दाखवू शकत नाही."

"म्हणजे ज्या घरातून हाकच मारता येत नाही, नेमक्या त्याच घरात शिरला. भित्रा कुठला!"

"शास्त्रज्ञ त्याला चतुर म्हणतात."

"म्हणू देत. मी भित्राच म्हणणार."

खेकड्याने चित्र पुढे सरकवलं. अंगठी फुगली, तिचे तुकडे झाले, चकती ताणली गेली आणि फट्‌कन फुटली. आतून वीसेक ठिपके उधळले आणि शेजारच्या चकत्यांत घुसले. एक फुटली तशी दुसरी, तिसरी, सगळ्या.

"दर दोन दिवसांनी हे असं होतं," खेकडा म्हणाला. "पेशी साधारण एकाच सुमाराला फुटतात. त्यांच्यातला कचरा रक्तात सांडतो, तेव्हा कुठे सैन्याला कळतं की शत्रू घरात आहे. मग ते धोक्याचे रासायनिक संदेश अंगभर सोडतं. त्या संदेशांनी थंडी वाजते आणि अंग तापतं."

मृणाली ताडकन उठून बसली. "थांब. म्हणजे ताप जंतूने नाही आणला? माझ्याच सैन्याने आणला?"

"हो. ते फार चिडलं होतं. शत्रू नेमका कुठे आहे ते कळत नव्हतं, म्हणून दिसेल तिथे आग लावत सुटलं. तू बेशुद्ध पडलीस त्यात थोडा हात तुझ्या सैन्याच्या रागाचाही होता."

मृणालीची नजर उंबऱ्याकडे गेली. सकाळीच तिने रागाच्या भरात पेजेची वाटी भिरकावली होती. ती लागायची होती उंबऱ्यावर बसलेल्या आबाजींना. लागली झोपलेल्या मांजरीला. मांजर अजून घरात आली नव्हती. तिने विषय बदलला.

"आबाजींचं सैन्य चिडत नाही?"

"चिडतं, पण नेम धरून. फुटलेल्या पेशीतून निघालेला परजीवी दुसऱ्या पेशीत घुसेपर्यंत काही क्षण उघड्यावर असतो. आबाजींचं सैन्य तेवढ्यात त्याला गाठतं. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार आहेत (एकेका शत्रूला ओळखून त्याला चिकटणारे अतिशय बारीक कण, यांनाच दवाखान्यात अँटिबॉडी म्हणतात). ती परजीवीला चिकटली की त्याला पेशीत शिरता येत नाही, आणि भक्षक पेशी (शत्रूला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याला खाऊन टाकतात."

"आणि जे आधीच पेशीत घुसलेत ते?"

"त्यांच्यासाठी प्लीहा आहे (डाव्या बरगड्यांखाली असणारा, रक्त गाळणारा अवयव). तू ढिवराची मुलगी. जाळ्याबद्दल तुला मी काय सांगू! प्लीहेत अगदी बारीक फटी असतात. निरोगी तांबडी पेशी मऊ असते, ती अंग चोरून निसटते. परजीवी आत बसलेली पेशी ताठ होते आणि अडकते."

"मग माझ्या का नाही अडकल्या? मला प्लीहा नाही का?"

"आहे. पण परजीवी पेशीच्या बाहेर चिकट गाठी उगवतो. त्या गाठींनी ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते आणि प्लीहेकडे जातच नाही. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांत अशा पेशींची गर्दी झाली की माणसाची शुद्ध हरपते. तुझं तेच झालं."

मृणालीने उशीवर मूठ आपटली. या वेळी नेम चुकला नाही.

"त्या गाठी ओळखणारी प्रतिपिंडं शरीर बनवतं," खेकडा शांतपणे पुढे सांगू लागला. "ती गाठींवर बसली की चिकटणं थांबतं. पण परजीवीकडे गाठींचे साठेक वेगवेगळे वेश आहेत. एक ओळखला गेला की तो दुसरा चढवतो. आबाजींच्या शरीराने लहानपणापासून ताप काढत काढत ते बहुतेक सगळे वेश पाहिले. म्हणून त्यांच्या रक्तात परजीवी थोडेच राहतात आणि ताप येण्याइतके वाढत नाहीत. याला अर्धवट प्रतिकारशक्ती म्हणतात. ती शत्रूला पुरतं संपवत नाही, दाबून ठेवते."

"पण सात वर्षं मीही इथेच होते! तेव्हा मलाही ताप यायचा आणि दोन दिवसांत जायचा. आई सांगते."

"बरोबर. तू शिकत होतीस. पण ही विद्या सतत सराव असेल तरच टिकते. नागपूरला हा शत्रू तुला भेटलाच नाही. मला सांग, पाच वर्षं धावलीच नाहीस तर शर्यतीत काय होईल?"

"शेवटची येईन."

"पाय लेचेपेचे झाले असं म्हणायचं का?"

"मुळीच नाही. सराव सुटला असं म्हणायचं." आणि मग तिच्या लक्षात आलं. ती कितीतरी दिवसांनी हसली. रक्तबिक्त काही नाही. सराव सुटला होता, एवढंच.

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांचीच सोय झाली असती. पण तेवढ्यात कान्हाला घेऊन आई आत आली आणि म्हणाली, "याले पाय, खेकड्या. आबाजी म्हनतात, याले काही होणार नाही. आठ महिन्यांचा झाला, एकदाही ताप नाही. म्हनतात, हा खरा ढिवर."

खेकड्याचा दिवा क्षणभर मंद झाला. "ते कान्हाचं सैन्य नाही," तो म्हणाला. "ते तुमचं आहे, ताई. बाळ पोटात असताना आईची प्रतिपिंडं नाळेतून त्याच्याकडे जातात. पण ती उसनी असतात. पहिल्या काही महिन्यांत झिजून जातात. कान्हाची आता संपत आली असतील. त्याचं स्वतःचं सैन्य अजून काहीच शिकलेलं नाही. मलेरियाने सगळ्यांत जास्त धोका याच वयाच्या बाळांना असतो."

आईने कान्हाला छातीशी घट्ट धरलं. मृणालीच्या कानशिलात पुन्हा ठणठण सुरू झाली.

"डास येणार कुठून? म्हणजे, डासाच्या पोटात जंतू येणार कुठून?" तिने विचारलं.

"आबाजींनी आपला निकाल साऱ्या गावाला स्वतःच सांगितलाय, म्हणून बोलतो. रक्तातले काही परजीवी वेगळे होतात, काही नर, काही मादी. ते पेशी फोडत नाहीत, ताप आणत नाहीत. नुसते वाट बघतात. डासाने ते रक्त प्यायलं की त्याच्या पोटात त्यांची पिढी वाढते, आणि काही दिवसांनी तो डास दुसऱ्याला चावतो. आबाजींच्या रक्तात असे वाट बघणारे बरेच आहेत."

कान्हाची झोळी आबाजींच्या खाटेशेजारीच होती. मच्छरदाणी बोडीत होती.

"तू त्यांना गोळ्या का देत नाहीस?"

"रोज देतो. ते म्हणतात, औषध आजाऱ्याने घ्यायचं. मी जबरदस्ती करू शकत नाही."

"मी करू शकते," मृणाली म्हणाली आणि चपला शोधू लागली.

आई नको नको म्हणत राहिली. मृणालीने ऐकलं नाही. मासळीचे वाटे करायला आबाजी एव्हाना बोडीवर गेले होते. घरापासून बोडी काही लांब नव्हती, पण तिला मधे दोनदा बांधावर बसावं लागलं. ज्या पायांनी तिने पदकं आणली त्यांचे हे हाल, याचा तिला इतका संताप आला की त्या संतापावरच ती उरलेलं अंतर चालली. मागून खेकडा तिरका तिरका येत होता, त्याच्या मागून कान्हाला घेऊन आई.

बोडीच्या काठावर मासेमार जमले होते. दिवसाच्या मासळीचे पळसाच्या पानांवर वाटे पडत होते, आणि आबाजी मधे उभे राहून कुणाचा वाटा लहान पडला नाही ना ते बघत होते.

"अगे, तू कायले आली? पडशीन ना!" ते ओरडले.

"पडीन तर पडीन. लेचीपेचीच आहो ना मी!" मृणालीही ओरडली. साऱ्या माना वळल्या. "आबाजी, गोळ्या घ्या."

"मले काय झालं?"

"तुमाले काही झालं नाही. माहीत आहे मले. मोठ्या रोहूले काही होत नाही!"

डोमाकाकांनी चटकन वर बघितलं. आबाजींच्या भुवया जवळ आल्या.

"तुमच्या रक्तात मरळ आहे, आबाजी. ती तुमाले काही करत नाही. डास तिले उचलतात अन् कान्हाच्या अंगात नेऊन सोडतात. आईचं उसनं सैन्य त्याच्या अंगातून संपत आलं. त्याच्याकडं काहीच नाही. डोमाकाकानं दोन मरळी ठेवल्या तं तुमी त्यायले काय म्हनलं होतं? मोठ्याचा हिशेब कायले करतं, लहान्याचा कर. म्हनलं होतं की नाही?"

"तो हिशेब पान्यातला," आबाजी म्हणाले, पण आवाज उतरला होता. "आमच्या रक्ताची गोष्ट येगळी. ढिवराच्या रक्ताले—"

"तुमच्या पाठच्या दोन बहिनी कशानं गेल्या?"

आबाजींच्या पाठच्या दोघी, एक दीड वर्षाची आणि एक तीन वर्षांची, एकाच पावसाळ्यात तापाने गेल्या होत्या. घरात ही गोष्ट कुणी काढत नसे.

"त्यायचं रक्त ढिवराचं नव्हतं का?" मृणाली थांबली नाही. "ज्या वाचल्या नाहीत त्याही आपल्याच होत्या, आबाजी. तुमी वाचले, म्हनून तुमाले वाटते रक्त चांगलं. तुमच्या अंगानं ताप काढून काढून शिकून घेतलं, बस. कान्हानं तसंच शिकायचं का? तो शिकता शिकता गेला तं?" तिने बोडीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. पांढऱ्या जाळीत पिल्लं चमकत होती. "माशायच्या पिल्लायले मच्छरदानी, अन् कान्हा उघड्यावर!"

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. पायांत तेवढंच बळ होतं.

आबाजींचा चेहरा लालबुंद झाला. नातीने चारचौघांत असं बोलावं! तोंड उघडून त्यांनी मोठा श्वास घेतला, आणि सगळ्यांना वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. पण त्यांची नजर आईच्या कडेवर गेली. कान्हा एक वाटा उचलायला पानाकडे वाकत होता. त्याच्या उघड्या दंडावर डास चावल्याची लाल गांधी होती.

आबाजींनी श्वास सोडला. ते खेकड्यापाशी गेले आणि हात पुढे केला.

"दे."

"एक गोळी नाही, पूर्ण कोर्स घ्यावा लागेल," खेकडा म्हणाला. "ही आज, बाकीच्या मी सांगेन तशा. त्याआधी ही गोळी तुम्हाला चालते का, त्याची एक तपासणी."

"तपास काय तपासायचं ते. लवकर कर."

खेकड्याने तपासणी केली. आबाजींनी गोळी तोंडात टाकली, पण गिळायची सोडून चावली. मग त्यांनी खेकड्याला, औषधाला, ते बनवणाऱ्याला आणि साऱ्या डासजातीला अशा काही शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येत नाहीत. आईने कान्हाचे कान झाकले.

"याले का देत नाही?" आबाजींनी कान्हाकडे बोट केलं.

"त्याच्या रक्तात जंतू नाहीत. त्याला मच्छरदाणी आणि लस हवी. लस म्हणजे सैन्याला शत्रूचं नुसतं चित्र दाखवायचं, म्हणजे ताप न काढता शिकता येतं. कान्हासाठीची लस केंद्रात आली आहे, उद्या मी घेऊन येतो. पण तेवढ्यावर विसंबू नका. लस सगळे वेश ओळखायला शिकवत नाही. साठही वेशांत न बदलणारा एखादा भाग सापडतो का, ते शास्त्रज्ञ शोधतायत. सापडला की अशी लस करता येईल की परजीवीला लपायला जागाच राहणार नाही."

"त्यायले सांग, लवकर शोधा," मृणाली बसल्या जागेवरून म्हणाली. "नाहीतर मी येतो म्हना."

आबाजी तोवर धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरले होते. त्यांनी बांबूंच्या गाठी सोडल्या. जाळी हळूच खाली केली, आणि पिल्लांचा चकाकता थवा मोकळ्या बोडीत पसरला. बोडीत आता एकही मरळ नव्हती. ते त्यांनी स्वतः जाळं फिरवून दोनदा पाहिलं होतं. मच्छरदाण्यांचा ओला, मासळीच्या वासाचा गठ्ठा खांद्यावर टाकून ते वर आले.

"याले पुन्हा औषध लावता येते का रे?"

"येतं," खेकडा म्हणाला. "पण आधी धुवायला हव्यात."

"धुतो. आजच धुतो." आणि मग ते मृणालीसमोर येऊन उभे राहिले. पाणी निथळत होतं. माफी मागायची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "लेचीपेची नाही तू. तोंडाची तं मुळीच नाही."

मृणालीचा राग गेला नव्हता. एवढ्याने जाण्यासारखा तो नव्हताच. पण आता तो कानशिलात ठणठणत नव्हता. तो गावातल्या एकेका घराकडे बघत होता. या घरात बाळ आहे. त्या घरात म्हातारा आहे, त्याला कधी ताप येत नाही. पलीकडे दोघंही आहेत.

डोमाकाका तोंडावर पंचा धरून हसत होते. आबाजी गर्रकन त्यांच्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज पुन्हा पार पलीकडच्या काठावर गेला.

"हासून काय रायला, डोमा? बोट पुढं कर. तुह्याही रक्तात मरळ असन!"